ट्रेडिंग ॲप मराठीत आलं हे छान, पण 'गुंतवा' आणि 'लावा' यात मोठा घोळ घातलाय

आधीच सांगते, ॲप किती फास्ट आहे, चार्ट कसा दिसतो, ब्रोकरेज किती पडतं, यातलं काही या रिव्ह्यूमध्ये नाहीये. त्यावर ढिगाने लिहिलं गेलंय. मी लिहितेय ते फक्त मराठी व्हर्जनबद्दल, आणि त्यातही जिथे पैसे जायची शक्यता असते तिथे यांनी कोणते शब्द वापरलेत याबद्दल. ॲप एका मोठ्या डिस्काउंट ब्रोकरचं आहे, नाव देत नाही, मुद्दा शब्दांचा आहे. मी लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरायचं काम करते, त्यामुळे शेअरवाल्यांची स्टेटमेंटं सतत डोळ्याखालून जातात, आणि गेल्या काही वर्षांत एफ अँड ओची, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सची (भाव ठराविक मुदतीत वर जाईल की खाली यावर केलेल्या सौद्यांची) स्टेटमेंटं घेऊन येणारे खूप वाढलेत. त्यातले बरेचसे मराठीतच विचार करणारे, मराठीतच पैशांचे हिशोब करणारे. इंग्रजी वाचता येतं, पण एखाद्या शब्दाचा वास यावा इतकं ते अंगात मुरलेलं नसतं. अशा माणसासाठी ॲप मराठीत असणं ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणून मी भाषा मराठी केली आणि सगळे कोपरे बघितले.

रेटिंग ५ पैकी अडीच. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या भागाला चार देईन, एफ अँड ओच्या भागाला एक.

चांगलं आधी. खातं उघडायची सगळी स्टेप साध्या मराठीत आहे, कुठेही अडखळायला होत नाही. 'नॉमिनी' हा शब्द त्यांनी तसाच ठेवलाय, 'वारसदार' केलेला नाही, आणि हे अगदी बरोबर केलं, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, शेअरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलंय. डिव्हिडंडला 'लाभांश' म्हटलंय, तो पेपरात वाचून सगळ्यांना माहीत आहे. ऑर्डर टाकायच्या आधी ब्रोकरेज, एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), जीएसटी, स्टॅम्प ड्युटी असा सगळा खर्च वेगवेगळा दाखवतात, तेही मराठीत. म्युच्युअल फंडाच्या पानावर रिस्कोमीटर आहे, कमी जोखमीपासून अति उच्च जोखमीपर्यंत सहा पायऱ्या, आणि इथे 'जोखीम' हा शब्द जसा वापरायला हवा तसाच वापरलाय. ज्याने केलं त्याने मन लावून केलंय हे कळतं.

एफ अँड ओच्या पानावर गेलं की मात्र असं वाटतं हे काम दुसऱ्याच कुणीतरी केलंय, किंवा कुणी केलेलंच नाही, मशीनने केलंय.

सगळ्यात मोठी तक्रार बटणाची. एसआयपी सुरू करायचं बटण आहे 'गुंतवा'. शेअर घ्यायचं बटण 'गुंतवा'. आणि एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपायच्या, दिवशी दुपारी दोन वाजता निफ्टी या निर्देशांकाचा कॉल ऑप्शन, म्हणजे निफ्टी वर गेला तर पैसे देणारा, घ्यायचा असेल, जो साडेतीनला एकतर काहीतरी देऊन जाणार किंवा शून्य होणार, त्याचंही बटण 'गुंतवा'. रंगही तोच, हिरवा.

आता मराठी माणूस पैशाबद्दल कसा बोलतो ते बघा. बँकेत आपण पैसे ठेवतो. सोन्यात, जमिनीत गुंतवतो. भावाच्या धंद्यात पैसे घालतो. शेअरमध्ये टाकतो, आणि भाव पडला की म्हणतो अडकलेत. पण घोड्यावर पैसे लावतो, आकड्यावर लावतो, डावावर लावतो. 'लावले' म्हटलं की ऐकणाऱ्याला न सांगता कळतं की हे जाऊ शकतात, आणि गेले तर परत येणार नाहीत. 'गुंतवले' म्हटलं की ऐकणारा धरून चालतो की पैसे कुठेतरी आहेत, आज कमी असतील, उद्या वाढतील, पण आहेत. हा फरक कुणी शाळेत शिकवलेला नाही, आजीलाही कळतो आणि कॉलेजच्या पोरालाही कळतो. एवढं नेमकं क्रियापद भाषेत तयार पडलेलं असताना ॲपने नेमकं तेच टाळलंय.

माझ्याकडे येणारे लोक सांगताना म्हणतात, "मॅडम, मी ऑप्शन्समध्ये गुंतवणूक केलीय." मी स्टेटमेंट उघडते तर एका दिवसात विकत घेऊन त्याच दिवशी शून्य झालेल्या ओळीच्या ओळी. सरळ हिशोब आहे, समजा लॉट, म्हणजे एकदम घ्यावाच लागणारा गठ्ठा, ६५ चा आणि प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, ४० रुपये, तर एका लॉटला २६०० रुपये गेले. घेणाऱ्याचं यापेक्षा जास्त जात नाही, हे खरं. पण इंडेक्स, म्हणजे निर्देशांक, उलट्या दिशेला जायचीही गरज नाही, तो नुसता जागेवर बसून राहिला तरी वेळ जाईल तसा प्रीमियम वितळत जातो, आणि मुदत संपली की उरत काहीच नाही. शेअर घेतला आणि पडला तर निदान शेअर हातात असतो, थांबता येतं. ऑप्शनमध्ये थांबायची सोयच नाही. याला 'हीरो-झीरो' म्हणणारी पोरं निदान खरं बोलतात, त्यांच्या शब्दात शून्य दिसतं तरी. ॲपच्या शब्दात ते दिसत नाही.

दुसरी तक्रार सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, इशाऱ्याच्या भाषांतराची, आणि ही मला जास्त लागली. सेबीने मे २०२३ च्या परिपत्रकात ब्रोकरांना सांगितलं की एफ अँड ओ करणाऱ्याला लॉगिन झाल्यावर जोखमीची माहिती दाखवायची, किमान अर्धा स्क्रीन व्यापेल एवढी, आणि त्याने वाचल्याचं मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. मजकूर चारच ओळींचा आहे. १० पैकी ९ जणांना निव्वळ तोटा झाला. तोटा झालेल्यांचा सरासरी तोटा ५० हजारांच्या आसपास. त्या तोट्याच्या वर आणखी २८ टक्के खर्च नुसता व्यवहारांवर गेला. ज्यांना नफा झाला त्यांच्याही नफ्यातले १५ ते ५० टक्के खर्चातच गेले. एवढ्या मोजक्या शब्दांत इतकं उपयोगी सरकारी लिखाण क्वचित बघायला मिळतं.

आणि या ॲपने पहिल्या ओळीचं मराठी काय केलंय? "१० पैकी ९ वैयक्तिक व्यापाऱ्यांना निव्वळ तोटा झाला." व्यापारी! मराठीत व्यापारी म्हणजे ज्याचं दुकान आहे, गोदाम आहे, जो माल घेतो आणि विकतो तो. नोकरी करून संध्याकाळी मोबाईलवर चार ऑर्डर टाकणाऱ्या माणसाला कुणी व्यापारी म्हणत नाही आणि तो स्वतःलाही म्हणवत नाही. त्याने ही ओळ वाचली तर त्याला वाटणार हे दुसऱ्या कुणाबद्दल तरी आहे, मोठ्या शेठ लोकांबद्दल. म्हणजे जो इशारा खास त्याच्यासाठी लिहिला गेला तो त्याच्या डोक्यावरून गेला, आणि त्याने खालचं 'मान्य आहे' दाबलं. इथे "तुमच्या-आमच्यासारख्या, स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या १० पैकी ९ जणांना तोटा झाला" असं लिहायला काय हरकत होती?

आकडे नंतरही सुधारलेले नाहीत. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ अशी तीन वर्षं धरली होती, त्यात १ कोटीपेक्षा जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी दोन लाखांच्या आसपास, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२४-२५ ला नियम कडक झाले तरी तोट्यात असणारे ९१ टक्के. आणि तोटा होऊनही तीन चतुर्थांशपेक्षा जास्त लोक खेळत राहिले, हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. 'रिकव्हर करायचंय' हा शब्द मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय. गेलेले पैसे बाजाराकडे आपले राहिलेले आहेत, असं त्या शब्दामुळे वाटायला लागतं. बाजाराला तुमचं नावही माहीत नसतं हो.

आता शब्दांच्या घोळाकडे. पूर्ण एफ अँड ओ विभागात 'धोका' आणि 'जोखीम' हे दोन शब्द वाटेल तसे अदलाबदल करून टाकलेत. एकाच पानावर वर 'धोका व्यवस्थापन' आणि खाली 'जोखीम प्रकटीकरण'. मराठीत हे दोन वेगळे आहेत. धोका असतो, तो आपण न बोलावता येतो, पुराचा धोका, शॉर्टसर्किटचा धोका. शिवाय धोका 'देतात' म्हटलं की तो दगा झाला. जोखीम आपण उचलतो, पत्करतो, अंगावर घेतो, तिच्यात आपली संमती असते. जोखमीचं काम म्हणजे ज्यात जबाबदारी आहे ते काम. ऑप्शन विकणाऱ्याने जोखीम उचललेली असते, ती त्याच्यावर कोसळलेली नसते. पैशाच्या ॲपमध्ये हा फरक पाळला पाहिजे, कारण 'धोका' वाचून माणूस म्हणतो नशीब, आणि 'जोखीम' वाचून विचार करतो की ही मी घ्यायची का.

बाकीचे शब्दही आपल्याकडे काय सुंदर वाटून दिलेत बघा. पैज दोघांत लागते, समोरासमोर, दोघांना माहीत असतं कोण काय म्हणतोय आणि हरलं तर काय द्यायचं. पणाला लावणं म्हणजे जे जाऊ नये तेच डावात ठेवणं, द्यूतात युधिष्ठिराने राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी लावली ते. विडा उचलायला नुसती हिंमत पुरत नाही, चारचौघांत शब्द देऊन काम अंगावर घ्यावं लागतं, त्यात मागे फिरलं तर अब्रू जाते. धाडस चांगलंही असतं आणि वेडंही. जुगार मात्र कधीच चांगला नसतो, शेतीला जुगार म्हणणारा शेतकरी तक्रारच करत असतो, कौतुक नाही. आणि सट्टा भावावर चालतो. वस्तू घ्यायची नाही, द्यायची नाही, फक्त भाव वर जाईल की खाली यावर पैसे. लॉटरी आणि मटका 'लागतो', आपण काही करत नाही, तो येऊन आपल्याला लागतो. ही एवढी बारीक वाटणी बोलणाऱ्यांनी उगाच केलेली नाही, पिढ्यानपिढ्या पैसे जाताना बघून केलीय. कोण उचलतो, कोणाबरोबर, किती, आणि हरल्यावर तोंड दाखवता येतं का, हे सगळं त्या एकेका शब्दात बसलेलं आहे.

मुंबईचा इतिहास बघितला तर भावावरचा सट्टा आणि मटका यांची नाळ एकच आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे कापसाचे उघडते-बंद होते भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. ते थांबल्यावर साठच्या दशकात चिठ्ठ्या टाकलेल्या मडक्यातून आकडे काढायला लागले, त्यावरून मटका. कापूस गेला, भाव गेला, आकडा तेवढा उरला. त्याच्या शंभर वर्षं आधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, आणि युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये सगळं कोसळलं. तेव्हाही लोकांना वाटत होतं आपण गुंतवतोय.

कायद्यालाही ही वाटणी करावीच लागलीय. १८७२ च्या करार कायद्यात कलम ३० आहे, त्याप्रमाणे पैजेचा करार निरर्थक, जिंकलात तरी कोर्टात जाऊन वसूल करता येत नाही. मग शेअर बाजारातले डेरिव्हेटिव्ह, म्हणजे हे एफ अँड ओचे सौदे, चालतात कसे? त्यांच्यासाठी सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्यात कलम १८-अ खास घालावं लागलं, की मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर केलेले हे करार वैध धरायचे. तेव्हा कुठे जून २००० मध्ये इंडेक्स फ्युचर्स सुरू झाले. एक्स्चेंजच्या बाहेर, परस्पर, नुसत्या वहीवर तोच सौदा केला तर तो डब्बा ट्रेडिंग, बेकायदा. आणि २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंदच केले. म्हणजे पैसे लावायची क्रिया वरवर सारखीच, पण कुठे लावले, कशावर लावले, यावर नाव बदलतं आणि नावावर सगळं ठरतं.

टॅक्समध्ये तर याहून गंमतीची वाटणी आहे, आणि इथे लोक हमखास अडकतात. इन्कम टॅक्स कायद्याप्रमाणे, शेअर सकाळी घेऊन डिलिव्हरी न घेता दुपारी विकला, म्हणजे इंट्राडे, तर तो सट्टा व्यवहार. आणि मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचं एफ अँड ओ? तो सट्टा नाही, साधा धंदा! सट्ट्यातला तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि पुढे ४ वर्षं नेता येतो. एफ अँड ओचा तोटा त्या वर्षी पगार सोडून बाकीच्या उत्पन्नातून वजा होतो, उरला तर पुढे ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. आता ज्याच्या ॲपने त्याला वर्षभर 'गुंतवा' सांगितलं तो माणूस काय करतो, त्याला वाटतं ही गुंतवणूक आहे, तो साधं आयटीआर-१ भरून मोकळा होतो किंवा कॅपिटल गेनमध्ये दाखवायला बघतो. हा तर बिझनेस, आयटीआर-३ लागतं. तोट्यात आहोत म्हणून दाखवायची गरजच नाही असंही पुष्कळांना वाटतं. मग नोटीस येते आणि ते धावत येतात. एका बटणावरच्या शब्दाचं हे इतकं लांबपर्यंत जातं.

भाषांतराच्या चुका आता पटकन सांगते, कारण त्या दुरुस्त करायला सोप्या आहेत. मार्जिनला, म्हणजे सौद्यासाठी अडकवून ठेवायच्या पैशांना, 'समास' केलंय, वहीच्या पानाला सोडतात तो. स्ट्राइक प्राइसला, म्हणजे ऑप्शन ज्या भावाला धरून असतो त्याला, 'संप किंमत' केलं होतं, कामगारांचा संप तो. ऑप्शन रायटर, म्हणजे जो ऑप्शन विकून प्रीमियम घेतो, त्याला 'पर्याय लेखक'. हे वाचून कुणाला काहीच कळणार नाही, त्यामुळे निदान चुकीचं तरी कळणार नाही.

'पुट'चं मात्र तसं नाही. पुटला त्यांनी आधी 'ठेवा' केलं होतं (आता बदललंय, खाली सांगते). ऑप्शनच्या यादीत डावीकडे 'कॉल', उजवीकडे 'ठेवा', आणि खाली बटण 'गुंतवा'. ठेव म्हणजे आपल्याकडे बँकेतली ठेव, मुदत ठेव, सगळ्यात सुरक्षित गोष्ट. नव्या माणसाला ते पान असं वाचता येत होतं की कॉल म्हणजे काहीतरी फोनचं, आणि 'ठेवा' म्हणजे पैसे ठेवायची जागा. पुट भाव पडल्यावर पैसे देतो. ज्याला हे माहीत नाही त्याने तो 'ठेव' समजून घेतला आणि बाजार वर गेला तर पैसे गेले. यात हसण्यासारखं काही नाही, हे बदलायलाच हवं होतं.

पुटवरूनच सांगते, मला वाटतं या अख्ख्या विषयातली समजून घ्यायची गोष्ट इथेच आहे. तुमच्याकडे पाच-दहा लाखांचे शेअर आहेत, बाजार पडेल अशी भीती आहे, म्हणून इंडेक्सचा पुट घेतला, तर तो विमा झाला. जोखीम आधीपासून तुमच्या डोक्यावर होती, तुम्ही थोडे पैसे देऊन ती दुसऱ्याला दिली. नाही पडला बाजार तर प्रीमियम गेला, विम्याचा हप्ता जातो तसा, वाईट वाटायचं कारण नाही. आता तोच पुट, तीच किंमत, तीच मुदत, पण तुमच्याकडे एकही शेअर नाही. मग तुम्ही जोखीम उतरवली नाही, नवीन तयार केली, तो सट्टा झाला. कागद एकच, शब्द दोन, आणि कुठला लागू होतो ते ॲपला दिसत असतं, कारण तुमचे शेअर त्यांच्याच डीमॅटमध्ये असतात. हा भेद फार जुना आहे, इंग्लंडमध्ये लोक ज्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशांच्या आयुष्यावर विमा काढून पैजा खेळायला लागले होते, म्हणून १७७४ मध्ये कायदा करावा लागला की ज्याचा विमा काढताय त्याच्या जगण्यात तुमचं काही हित असलं पाहिजे. जोखीम आधी असली तर विमा, नसली तर पैज. अडीचशे वर्षांपूर्वी हे कायद्यात लिहून झालंय आणि आपण अजून एकच हिरवं बटण दाबतोय.

स्टॉपलॉसला 'तोटा थांबवा' केलंय, हेही मला पटलेलं नाही. मराठीत आज्ञार्थी लिहिलं की ते होणारच असं वाटतं. प्रत्यक्षात ती एक ऑर्डर आहे, ठरवलेला भाव आला की ती जागी होते, त्यानंतर समोर घेणारा असेल तर सौदा होतो. बाजार सकाळी गॅप देऊन, म्हणजे कालच्या भावापासून एकदम लांब, उघडला तर तुमचा भाव मागे पडून जातो आणि लिमिट, म्हणजे याहून वाईट भावाला नको अशी अट, लावलेली असेल तर ऑर्डर तशीच लटकून राहते, तोटा वाढत जातो. ट्रेडिंग करणारे लोक 'एसएल लावला', 'एसएल हिट झाला' म्हणतात, तेच ठेवायचं. जिथे लोकांच्या तोंडी शब्द बसलाय तिथे नवीन पाडायचा अट्टाहास कशाला? वायदा, तेजी, मंदी, दलाल, हे शब्द बाजारात कितीतरी पिढ्या आहेत, ते मात्र ॲपमध्ये कुठे दिसले नाहीत. फ्युचर्सला 'भविष्य' केलंय आणि 'वायदा' हा इतका चांगला शब्द, ज्यात पुढच्या तारखेचं वचन आहे, मोडलं तर देणं लागतं हेही आहे, तो पडून राहिलाय.

ऑप्शन विकायच्या पानाबद्दल एवढंच की तिथे निदान मार्जिन किती अडकेल ते मोठ्या अक्षरात दाखवतात, एका लॉटला लाखाच्या वर, त्यामुळे माणूस आपोआप थांबतो. पण 'कमाल नफा' समोर आकडा आणि 'कमाल तोटा' समोर नुसतं 'अमर्यादित' असं बारीक करड्या अक्षरात. मराठीत 'अमर्यादित' वाचून पोटात गोळा येत नाही, अमर्यादित कॉलिंग, अमर्यादित डेटा, सगळीकडे हा शब्द फायद्याचाच असतो. 'तोट्याला मर्यादा नाही' असं लिहा, तीन शब्दांत काम होतं.

सपोर्टला मी हे सगळं मराठीतच लिहून पाठवलं होतं, स्क्रीनशॉट लावून. उत्तर सभ्य आलं, मराठीत आलं, आणि नंतरच्या अपडेटमध्ये 'ठेवा' जाऊन 'पुट' आला, 'संप किंमत' जाऊन 'स्ट्राइक प्राइस' आली. त्यासाठी त्यांचे मनापासून आभार, ऐकणारे लोक तिकडे बसलेत हे कळलं. 'समास' आणि 'पर्याय लेखक' अजून तसेच आहेत. इशाऱ्यातल्या 'वैयक्तिक व्यापाऱ्यांना' बद्दल म्हणाले की तो कायदेशीर मजकूर आहे, कंप्लायन्सकडे, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाकडे, पाठवलाय. बटणाबद्दल मात्र उत्तर आलं की सगळ्या भाषांमध्ये बटणाचा शब्द एकच ठेवायचा असं त्यांचं धोरण आहे. मला हे मान्य नाही. एसआयपीला 'गुंतवा' राहू दे, शेअरला राहू दे, ऑप्शनला साधं 'खरेदी करा' आणि 'विका' लिहा, 'लावा' लिहायची हिंमत नसेल तर नका लिहू, पण 'गुंतवा' तेवढं काढा. मी परत लिहिलंय.

तोवर माझं मत असं, शेअर, ईटीएफ, म्युच्युअल फंड एवढंच करणाऱ्यांनी मराठी व्हर्जन बिनधास्त घ्यावं, आईवडिलांनाही लावून द्यावं, त्यांना स्वतःचं स्टेटमेंट स्वतः वाचता येतं याचा आनंद वेगळाच असतो. एफ अँड ओ करणाऱ्यांनी त्या विभागापुरती तरी भाषा इंग्रजी ठेवावी, आणि इशाऱ्याच्या त्या चार ओळी एकदा शांतपणे वाचाव्यात. आणि घरच्या कुणाच्या खात्यात एफ अँड ओ चालू असेल आणि नको असेल तर ते बंद करता येतं, त्यांनी नुसतं बोलून दाखवलं तरी बसवून करून द्या: प्रोफाइल, मग 'विभाग', मग एफ अँड ओसमोरचं बटण डावीकडे सरकवायचं, ओटीपी येतो. एकही सौदा उघडा असेल तर बंद होत नाही, आधी तो सौदा मिटवावा लागतो.